भाताच्या मुळांचे कोरडे वजन: एकाच वाफ्यात ३९० आणि ३१ ग्रॅम कसे?

खाचरवाला

संगमेश्वर तालुका, जांभ्याची लाल माती, खरीप भात, लावणी २० × १५ सेंमी. निसवणीच्या वेळी (लोंब्या बाहेर पडताना) ० ते ३० सेंमी खोलीतल्या मुळांचे कोरडे वजन ग्रॅम प्रति चौरस मीटर हवे आहे. आतून ७ सेंमी व्यासाचा जी.आय. पाइप ठोकून कोअर (मातीचे नळकांडी नमुने) काढले. वरच्या थरात एका कोअरमध्ये १.५० ग्रॅम मुळे, दुसऱ्यात ०.१२. म्हणजे हिशोबाने एक ३९०, दुसरा ३१. सरासरी २१० धरायची का? शिवाय वाळलेली मुळे तांबूस आणि हाताला जड लागतात. ओव्हन आणि ०.०१ ग्रॅमचा काटा आहे. मफल फर्नेस (मुळे जाळून राख करायची भट्टी) नाही.

वरकस

२१० अजिबात धरू नका. पहिला कोअर चुडाच्या (एका जागी लावलेल्या रोपांच्या झुबक्याच्या) बुंध्यावर बसलाय, दुसरा ओळींच्या मधे. दोन्ही आपापल्या जागी खरे आहेत, पण त्यांची वाटणी निम्मी-निम्मी नाही.

एका चुडाच्या वाट्याला २० × १५ = ३०० चौ. सेंमी जागा येते. तुमच्या पाइपचे तोंड ३८.५ चौ. सेंमी. म्हणजे बुंध्याचा कोअर ३०० पैकी फक्त ३८.५ चा प्रतिनिधी, उरलेल्या २६१.५ चा मधला कोअर. २६१.५ भागिले ३८.५ म्हणजे ६.८. आता १.५० + (०.१२ × ६.८) = २.३२ ग्रॅम प्रति चूड. चौरस मीटरला ३३.३ चूड, तेव्हा ७७ ग्रॅम. कुठे २१० आणि कुठे ७७!

तरी हे ७७ सुद्धा कच्चेच, कारण बुंध्यापासून जरा बाजूला मुळे किती दाट आहेत ते दोन कोअरमधून कळत नाही. शिवाय ०.१२ ग्रॅम मोजायला ०.०१ चा काटा म्हणजे अंदाजच झाला. ०.००१ चा मिळवा.

माझ्या मते वरच्या थरासाठी पाइप सोडा. ३ मिमी लोखंडी पत्र्याची, वर-खाली उघडी, २० × १५ सेंमी आतल्या मापाची आणि २० सेंमी उंच पेटी गावातल्या वेल्डरकडून करून घ्या. खालची धार बाहेरून घासायची, म्हणजे माती दाबली गेली तरी बाहेर दाबली जाते. चूड बरोबर मध्यावर, २० ची बाजू ओळींना आडवी. वर लाकडी ठोकळा ठेवून ठोका, बाजूची माती फावड्याने काढा आणि पहारीने खालून उचला. शेजारच्या चुडांची मुळे पेटीत येतात तशी आपल्या चुडाची बाहेरही जातात, तो हिशोब फिटतो. वजन × ३३.३, संपले. २० ते ३० सेंमीसाठी त्याच खड्ड्याच्या तळात पाइपाचे दोन कोअर पुरतात. चिखलणीखालच्या कडक थराच्या पलीकडे मुळे विरळच असतात.

चूड नजरेने निवडू नका, नजर नेहमी भरदार चुडावरच जाते. कडेच्या दोन ओळी सोडून २० चुडांचे फुटवे मोजा आणि सरासरीइतके फुटवे असलेले तीन-चार चूड प्रत्येक वाफ्यातून घ्या. पेटीखाली दगड आला म्हणून जागा बदललीत तर आकडा फुगेल. दगडासकट काढा. प्रति चौ. मी. हिशोबाला दगड वजा करायचा नसतो. प्रति घन सेंमी मातीत किती मुळे ते सांगायचे असेल तरच करायचा.

खाचरवाला

पाइप ठोकताना आतली माती बाहेरच्यापेक्षा खाली बसते, ते चालेल का?

वरकस

नाही. बाहेर १५ सेंमी आणि आत १२ भरले, तर कोअर दबला आहे आणि थरांची खोली खोटी. खाचरातले पाणी दोन-तीन दिवस आधी काढा. माती बोटाला चिकटेल पण वाहणार नाही, तेव्हा काढा. पार वाळू दिलीत तर लाल माती विटेसारखी होते आणि मुळे तुटून खालीच राहतात.

चाळणी०५

आता धुण्याबद्दल, कारण निम्मी मुळे तिथेच जातात. ढेकूळ बादलीत रात्रभर भिजवा. सुटत नसेल तर लिटरला ५ ग्रॅम कॅल्गॉन (सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट) घालून दोन-तीन तास ठेवा. जांभ्याचे लोहाने बांधलेले खडे त्यानेही विरघळत नाहीत, ते हातानेच चोळायचे. पाणी ढवळायचे, खडे तळाला बसले की वरचे पाणी चाळणीवर ओतायचे. पाण्यात मूळ दिसेनासे होईपर्यंत पुन्हा पुन्हा, बहुधा सहा-सात वेळा. चाळणी ०.५ मिमीची हवी. २ मिमीची वर ठेवा, पण एकटी वापरू नका, भाताची बारीक उपमुळे त्यातून सरळ गटारात जातात. नळीचा जोराचा फवारा नको, झारी वापरा.

मग पांढऱ्या ट्रेमध्ये पातळ पाण्यात चिमट्याने निवड. लव्हाळ्याच्या गाठी, गेल्या वर्षीची धसकटे, शेणखतातल्या काड्या बाहेर. जिवंत मूळ लवचिक असते, मेलेले काळपट आणि ओढले की तुटते. राब भाजलेल्या (रोपांसाठी पालापाचोळा जाळलेल्या) तुकड्यातून नमुना घेऊच नका. कोळशाचे कण मुळांबरोबर तरंगतात आणि राख काढतानाही मुळांसारखेच जळून जातात, त्यामुळे कुठल्याच टप्प्यावर पकडले जात नाहीत.

त्याच दिवशी धुणे जमत नसेल तर ढेकूळ फ्रिजमध्ये ४ अंशांवर, दोन-चार दिवस. प्लास्टिकच्या पिशवीत पडवीत ठेवलेत तर मुळे कुजून वजन घटते. वाळवण ६५ ते ७० अंशांवर, वजन स्थिर होईपर्यंत, साधारण ४८ ते ७२ तास. आपल्याकडच्या दमट हवेत ओव्हनमधून काढलेली मुळे काट्यावर असतानाच ओल धरतात. सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) थंड करून लगेच तोला. कागदी पिशवीसकट तोलू नका, कागदही ओल पितो.

तांबडी माती

तांबूस रंग आणि जडपणा म्हणजे लोह. पाणथळ खाचरात भाताची मुळे ऑक्सिजन बाहेर सोडतात, आजूबाजूचे विरघळलेले लोह गंजासारखे मुळावर बसते. ते धुऊन जात नाही. त्यामुळे नुसते कोरडे वजन देऊ नका, राख वजा करा.

दळलेली मुळे ०.५ ते १ ग्रॅम, तोललेल्या सिलिका क्रुसिबलमध्ये (उष्णता सोसणाऱ्या वाटीत), भट्टीत ५५० अंशांवर चार तास. समजा १ ग्रॅममध्ये ०.३० राख उरली, तर २.३२ ग्रॅमचे राखविरहित वजन १.६२, आणि चौरस मीटरचे ७७ चे ५४ होतात. स्वच्छ मुळातही थोडी राख असतेच (भातात सिलिका बरीच), म्हणून दोन्ही आकडे छापा. उलट बाजूने, लोहाच्या थरातले बांधील पाणीही भट्टीत उडते आणि तेवढे मुळाच्या नावावर जमा होते. वाणांची तुलना करताना दोन्ही चुका सगळ्यांना जवळपास सारख्या लागतात. पाणी साठलेला वाफा आणि निचऱ्याचा वाफा यांची तुलना असेल तर मात्र राखेशिवाय निष्कर्ष काढू नका, लोहाचा फरकच मुळांचा फरक म्हणून दिसेल.

भट्टी नसली तरी अडत नाही. वाळलेली मुळे घट्ट झाकणाच्या बाटलीत टिकतात. हंगाम संपल्यावर एकदाच माती परीक्षण प्रयोगशाळेत न्या, फक्त भट्टीत घालण्यापूर्वी पुन्हा वाळवा.

वरकस

एक पडताळा राहिला. त्याच चुडाचा वरचा भागही वाळवून तोला. निसवणीला भाताची मुळे वरच्या भागाच्या साधारण दहाव्या ते पाचव्या हिश्श्याइतकी असतात. निम्मी आली तर पेटीत माती किंवा धसकटे राहिलीत. विसावा हिस्सा आला तर चाळणी तपासा.