पंडिता रमाबाई म्हटलं की आपल्याला फक्त धर्मांतरच का आठवतं?

भीमाकाठची

दौंड-पुणे गाडीने माझं रोजचं येणं-जाणं. केडगाव स्टेशन आलं की एखादी नवी बाई विचारते, इथे काय आहे हो? आणि डब्यातलं उत्तर ठरलेलं: 'बाटलेल्या रमाबाईंचं मिशन.' परवा पुन्हा तेच ऐकलं आणि राहवलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

२९ सप्टेंबर १८८३ला इंग्लंडमधल्या वाँटेज इथे घेतलेला बाप्तिस्मा, रमाबाईंच्या आयुष्यातला तेवढा एक दिवस आपण लक्षात ठेवला आहे. त्याच्या आधीचं आयुष्य बघा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, त्यावरून लोकांचा रोष ओढवून घेतला आणि गंगामूळच्या रानात संसार थाटला. पुढे गावोगाव पायी फिरत पुराणं सांगून पोट भरायचं. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, थोरली बहीण गेली. उरलेली दोन भावंडं उपाशीतापाशी चालत राहिली आणि १८७८मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीला 'सरस्वती' म्हटलं. दोन वर्षांत भाऊ गेला. जातीबाहेरच्या बंगाली वकिलाशी, बिपिनबिहारी मेधावींशी, लग्न केलं, तर १८८२च्या सुरुवातीला तेही पटकीने गेले. कडेवर तान्ही मनोरमा.

त्याच वर्षी ही बाई पुण्यात येते, आर्य महिला समाज काढते, 'स्त्रीधर्मनीति' लिहिते आणि सरकारच्या शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढे उभी राहून सांगते की बायकांसाठी बाई डॉक्टर हव्यात, मुलींसाठी बाई शिक्षिका हव्यात. एका वर्षातलं काम आहे हे!

१८८६मध्ये नात्यातल्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या, पुढच्याच वर्षी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या हालांवर इंग्रजी पुस्तक लिहिलं. ते आणि गावोगावची व्याख्यानं यांच्या बळावर अमेरिकन लोकांनी दहा वर्षं पैसे पाठवायचं कबूल केलं. घरात ना नवरा, ना बाप, ना भाऊ. लेखणी आणि वाणीवर संस्था उभी केलेली ही मराठी बाई 'बाटलेली' या एका शब्दात संपते का?

सदाशिवकर

ताई, 'बाटलेली' हा शब्द मलाही पटत नाही. पण तुम्ही १८८७वर थांबलात आणि खरा वाद त्याच्या पुढे आहे.

११ मार्च १८८९ला रमाबाईंनी मुंबईत शारदासदन, म्हणजे विधवा मुलींसाठी राहण्या-शिकण्याची शाळा, उघडलं तेव्हा शब्द दिला होता की इथे धर्मशिक्षण दिलं जाणार नाही. अमेरिकन मंडळींनीही निधी याच अटीवर दिला होता. त्या शब्दावर लोकांनी आपल्या बालविधवा मुली तिथे ठेवल्या. त्या काळी मुलीला घराबाहेर ठेवणं म्हणजे सगळ्या गावाशी वैर. सदन पुण्यात आलं आणि १८९३पर्यंत गोष्ट या थराला गेली की सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर बाहेर पडले. 'केसरी'ची टीका बाजूला ठेवा, टिळकांचा विरोध आधीपासूनच होता. पण रानडे-भांडारकर सनातनी नव्हते, प्रार्थना समाजाचे होते. या बाईंच्या पाठीशी उभे राहिल्याबद्दल त्यांनी शिव्या खाल्ल्या होत्या. त्यांनाच वाटलं की मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या जाताहेत, तर त्याला काही अर्थ असेल की नाही?

कर्तृत्व मोठं आहे म्हणून विश्वासाचा प्रश्न लहान होत नाही.

शेवंती

१८९३मध्ये पालकांनी वीस-पंचवीस मुली सदनातून घरी नेल्या. विश्वासभंगाबद्दल इतकं लिहिलं जातं, त्या मुलींचं पुढे काय झालं याबद्दल कोणी दोन ओळी लिहिल्या आहेत का? पुस्तकं सुटली, चूल आणि आलवण नशिबी आलं. त्या मुलींचाही कोणावर तरी विश्वास होताच की.

भीमाकाठची

सदाशिवकर, रमाबाई सकाळी स्वतःच्या खोलीत मुलीला घेऊन प्रार्थना करत. दार उघडं असे. ज्यांना यावंसं वाटे त्या मुली येत, बाकीच्या येत नसत. सोवळं पाळणाऱ्या मुलींसाठी स्वयंपाकाची वेगळी सोय होती. राहत्या घरात आपल्या देवाचं नाव घेताना दार लावून घ्या, असं आपण त्यांना सांगणार होतो का?

आणि गोदूबाईंचं उदाहरण घ्या. शारदासदनातल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी त्या. तिथे वर्षानुवर्षं राहिल्या, शिकल्या आणि १८९३मध्येच धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. आपल्या बाया कर्वे. त्या हिंदूच राहिल्या. सदनात मुलींना जाळ्यात ओढत होते म्हणणाऱ्यांनी बायांकडे बघावं.

सदाशिवकर

बायांचं उदाहरण मला मान्य आहे. पण ते माझ्या बाजूनेही बोलतं. कर्व्यांनी १८९६मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, पुढे तो हिंगण्याला गेला. शारदासदन असताना दुसऱ्या आश्रमाची गरज का पडली? मुलींचे बाप शारदासदनात मुली ठेवायला तयार नव्हते, म्हणून. एक विश्वास तुटला आणि सगळं काम कर्व्यांना झोपडीपासून पुन्हा सुरू करावं लागलं.

उघड्या दाराबद्दल. बारा-तेरा वर्षांची मुलगी आहे, जगाने टाकलेली आहे, आणि जिने पोटाशी धरलं ती बाई पलीकडच्या खोलीत डोळे मिटून बसली आहे. ती मुलगी त्या खोलीत जाणारच. याला मी जबरदस्ती म्हणणार नाही. मोकळी निवडही म्हणवत नाही.

माळरान

मी सदाशिवकरांच्याही पुढे जाईन. शारदासदनातल्या मुलींना निदान विचारणारे पालक होते. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून तीनशेच्या आसपास मुली आणल्या, १९००च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या, केडगावची वस्ती दीड-दोन हजारांच्या घरात गेली. तोवर धर्म न शिकवण्याचा अमेरिकन मंडळींशी झालेला करारही संपला होता, केडगावचं मुक्तिसदन उघडपणे ख्रिस्ती होतं. भाकरी देणाऱ्याच्या दारात भुकेलं पोर धर्माबद्दल 'नाही' म्हणू शकतं का? त्या मुली जगल्या हे थोर आहे, पण हा प्रश्न विचारायचाच नाही का?

केडगावची पणती

विचारा ना, जरूर विचारा. माझी पणजी त्या गुजरातेतल्या मुलींपैकी एक, म्हणून मी उत्तर देते.

तिला आपलं गाव आठवत नव्हतं. माझी आजी सांगायची, पणजीला दोनच गोष्टी आठवत: रस्त्यावर पडलेली आई, आणि केडगावात पहिल्यांदा मिळालेली पातळ पेज. एकदम पोटभर दिली तर उपाशी पोर मरतं, हे रमाबाईंना ठाऊक होतं. दुष्काळ त्यांनी स्वतःच्या अंगावर काढला होता.

पणजी तिथे छापखान्यात खिळे जुळवायला शिकली. मराठी ही तिची जन्माची भाषा नव्हती, पण ती ओळ उलटी वाचून चुका काढायची. कोणी विणकाम शिकलं, कोणी तेलघाण्यावर गेलं, आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवलं. ती ख्रिस्ती झाली, आम्हीही आहोत. 'नाही' म्हणता आलं असतं का, मला माहीत नाही. पण त्या वर्षी तिच्या वाटेवर दुसरं कोणीही थांबलं नव्हतं, एवढं घरात सगळ्यांना माहीत आहे. प्रश्न विचारताना त्या न थांबलेल्यांनाही विचारा.

अभंगवेडा

चर्चेत एक गोष्ट राहून जातेय. रमाबाई चर्चच्याही मुठीत नव्हत्या. वाँटेजच्या मठातल्या जोगीण सिस्टर जेराल्डिनशी त्यांचा पत्रव्यवहार वाचा. लॅटिन अक्षरं कोरलेला क्रूस त्यांनी नाकारला. मला न कळणारी भाषा गळ्यात कशाला, संस्कृत अक्षरं द्या, असं त्यांचं म्हणणं. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा एकच या ख्रिस्ती त्रैक्याच्या सिद्धान्तावरून वाद घातला, शाकाहार सोडला नाही. इथल्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलं, आता तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही, असं त्यांनी साफ लिहिलं. आणि सरकारची म्हणावी, तर १८९७मध्ये पुण्याच्या प्लेग इस्पितळातल्या बायकांच्या हालांवर त्यांनी मुंबईच्या इंग्रजी पत्रात लिहिलं, तो विषय थेट ब्रिटिश पार्लमेंटात निघाला.

माझ्या दृष्टीने त्यांचं सगळ्यात मोठं लेखन शेवटचं आहे. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सगळं बायबल मराठीत आणलं. आधीच्या भाषांतरातलं संस्कृतप्रचुर मराठी खेड्यातल्या बाईला कळत नव्हतं. जिला संस्कृतासाठी 'सरस्वती' पदवी मिळाली, तिने उतारवयात एकेक जड शब्द काढून बोलीतला घातला. जुळवणी, छपाई केडगावच्या बायकांनीच केली. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या, पुस्तक १९२४मध्ये पूर्ण झालं. लेकीच्या, मनोरमेच्या, मृत्यूनंतरचे नऊ महिनेही त्या या कामाला धरून होत्या. मी वारकरी घरातला आहे. ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत का आणली हे मला लहानपणापासून सांगितलं गेलं, म्हणून ही धडपड मला परकी वाटत नाही.

सदाशिवकर

पणतीताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. माळरान यांचा प्रश्न मला अजूनही रास्त वाटतो, पण तो विचारायचा तर माझ्याच पेठेतल्या त्या वेळच्या भरल्या घरांना आधी विचारायला हवा, हे तुम्ही दाखवलंत.

भीमाकाठची, अमेरिकेतल्या लोकांबद्दल रमाबाईंनी १८८९मध्ये मराठीत प्रवासवर्णन लिहिलं होतं, तिथे काळ्या लोकांशी होणाऱ्या वागणुकीवरही त्यांनी परखड लिहिलंय असं ऐकून आहे. वाचनालयात शोधतो. १८९३मध्ये मुली घरी नेणाऱ्या बापांबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही.

शेवंती

बापांबद्दल नका बदलू. त्या मुलींबद्दल काही सापडलं, तर इथे नक्की लिहा.