‘कर्करोगप्रवर्तक’ म्हणावं का?

कृत्रिम गोडव्यांच्या चाचण्यांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. सॅकरिनला मुळात ‘ट्यूमर प्रमोटर’ म्हटलंय. ‘कर्करोगप्रवर्तक’ चालेल का? ‘कर्करोगकारक’पेक्षा जरा सौम्य वाटतं.

— सौम्य कसलं, उलट आरोप वाढला! पंथाचा प्रवर्तक म्हणजे तो सुरू करणारा. प्रमोटर नेमकं तेच करत नाही. १९४०च्या दशकात बेरेनब्लम या संशोधकांनी उंदरांच्या कातडीवर आधी कर्करोगकारक रसायन लावलं, तेही इतकं थोडं की एकट्याने गाठ होऊ नये. मग जमालगोट्याचं तेल पुन्हा पुन्हा लावलं. गाठी आल्या. क्रम उलटा केला की तो परिणाम दिसेना. पहिलं रसायन पेशीच्या डीएनएत कायमचा बदल करून जातं, दुसरं त्या बिघडलेल्या पेशीला वाढायला लावतं. पहिला ‘आरंभक’, दुसरा ‘वर्धक’.

— ‘उत्प्रेरक’?

— तो रसायनशास्त्राने अडवून ठेवलाय.

— ‘वर्धक’ वाचलं की टॉनिकची बाटली आठवते. ‘खतपाणी घालणारा’ म्हणा. बी दुसऱ्याचं, मशागत याची.

— लेखात एकदा जरूर वापरा. परिभाषेत नाही बसणार.

पण १९७७ साली गाजलेल्या कॅनडातल्या प्रयोगात आरंभक नव्हताच. आहारात ५ टक्के सॅकरिन, आणि उंदरांच्या मूत्राशयात गाठी. मग तिथे ‘वर्धक’ कसा?

— रास्त शंका. त्या दशकात दोन्ही तऱ्हेच्या चाचण्या झाल्या: मूत्राशयात आधी आरंभक रसायन सोडून मग सॅकरिन, आणि नुसतंच सॅकरिन. नुसत्या सॅकरिनने गाठी झाल्या त्या मुख्यतः दुसऱ्या पिढीतल्या नरांना, म्हणजे आईच्या पोटात असल्यापासून ज्यांना ते मिळत होतं त्यांना. जिवाणूंवरच्या एम्स चाचणीत मात्र ते डीएनए बिघडवताना दिसलं नाही. पुढे उलगडा झाला. एवढं सोडियम सॅकरिन पोटात गेलं की नर उंदराच्या लघवीत कॅल्शियम फॉस्फेटचा गाळ तयार होतो, तो मूत्राशयाच्या अस्तराला बोचतो, पेशी मरतात आणि त्यांच्या जागी नव्या भराभर वाढतात. म्हणजे इथेही मामला वाढीचाच. माणसाच्या लघवीची घडण वेगळी, तिथे तसा गाळ होत नाही. २००० साली अमेरिकेने कर्करोगकारकांच्या यादीतून सॅकरिन काढलं ते याच कारणाने.

तेव्हा ‘वर्धक’ लिहा, पण त्याआधीचं ‘नर उंदरांच्या मूत्राशयात’ गाळू नका. मथळ्याला जागा कमी पडली की पहिली कात्री त्यावरच चालते.