स्टॉप लाइनच्या अलीकडे की पलीकडे

(जळगावातील एका सोसायटीचा ग्रुप. रविवार सकाळ.)

बी-२०३, नाना, सकाळी ९.१२
सर्वांना नमस्कार. मुलीच्या कॉलेज प्रवेशासाठी मागच्या शनिवारी आम्ही पुण्याच्या बाजूच्या एका शहरात गेलो होतो. शहराचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझी तक्रार शहराबद्दल नाही, चलानाबद्दल आहे. काल रात्री आमच्या एमएच-१९ गाडीवर दोन चलाने झाल्याचा संदेश आला. दोन्ही एकाच दिवसाची आणि दोन्ही लाल सिग्नल ओलांडल्याची आहेत. पहिले सकाळी ११ वाजून ७ मिनिटांचे ५०० रुपयांचे, तर दुसरे संध्याकाळी ७ वाजून ४६ मिनिटांचे १५०० रुपयांचे. मी तीस वर्षे गाडी चालवतो आणि आजवर एकदाही सिग्नल तोडलेला नाही. दोन्ही चलाने चुकीची आहेत असे माझे ठाम मत आहे. याविरुद्ध दाद कुठे आणि कशी मागावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

ए-४०४, ताई, सकाळी ९.२०
नाना, रागावू नका, पण २००० रुपये भरून मोकळे व्हावे असे मला वाटते. तिकडच्या न्यायालयात एक खेप घातली तरी डिझेल, जेवण आणि मुक्काम धरून त्याहून जास्त खर्च होईल, शिवाय दोन दिवस मोडतील ते वेगळेच.

ए-१०२, सकाळी ९.२६
भरण्याआधी तो संदेश खरा आहे का, हे पाहा. चलानाच्या नावाखाली एपीके फाइल (मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल) पाठवून मोबाइलचा ताबा घेण्याचे आणि बँक खाते रिकामे करण्याचे प्रकार सर्रास चालले आहेत. संदेशातल्या लिंकवर बोट न ठेवता राज्याच्या ई-चलान संकेतस्थळावर स्वतः जावे आणि गाडीचा क्रमांक व चेसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक टाकून तपासावे.

बी-२०३, नाना, सकाळी ९.४०
आरसी बुक काढून तसेच तपासले. दोन्ही चलाने तिथे दिसतात, म्हणजे संदेश खरा आहे.

सचिव, सकाळी ९.४३
माझ्या माहितीप्रमाणे लोकअदालतीत अशी चलाने निम्म्या रकमेत मिटतात. तोवर थांबावे, असे सुचवतो.

सी-१०१, आप्पा, सकाळी १०.०५
नाना, तुम्ही रकमांचे स्क्रीनशॉट टाकले आहेत, फोटोंचे टाकलेले नाहीत. न्यायालयाच्या कचेरीत अठ्ठावीस वर्षे कागद हाताळून मला एक सवय लागली आहे, की कलम कोणते ते विचारण्याआधी पुरावा काय आहे ते पाहावे. चलानासोबत जोडलेले सगळे फोटो टाका, किंवा त्यांत काय दिसते ते जसेच्या तसे लिहा. काय दिसायला हवे होते, ते लिहू नका.

सचिवसाहेबांच्या सूचनेबद्दल थोडे लिहितो. लोकअदालत ही तडजोडीची जागा आहे. ज्याला 'मी गुन्हा केलेलाच नाही' असे म्हणायचे आहे, त्याने तिथे जाऊन काय सांगायचे? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार तिथला निवाडा अंतिम असतो आणि त्यावर अपील चालत नाही. सवलत मिळेलच, असेही कोणी गृहीत धरू नये.

बी-२०३, नाना, सकाळी १०.३८
आप्पा, फोटो मोठे करून पाहिले. जसे दिसले तसे लिहितो.

पहिल्या चलानाला एकच फोटो आहे. तो मागून काढलेला आहे. आमची गाडी चौकाच्या तोंडाशी उभी आहे, मागची चाके पांढऱ्या रेषेच्या हातभर पुढे आहेत आणि नाकासमोर एसटीची पाठ आहे. एसटीचे मागचे दोन्ही दिवे लाल पेटलेले आहेत, म्हणजे तीही उभीच आहे. कोपऱ्यात सिग्नलचा खांब असून त्यावर लाल दिवा दिसतो. मला तो क्षण आता नीट आठवतो. हिरवा दिवा असताना एसटीच्या मागोमाग मी पुढे सरकलो, पलीकडे गाड्या तुंबल्या, एसटी थांबली आणि मी मधल्या मध्ये अडकलो.

दुसऱ्या चलानाला दोन फोटो आहेत. पहिल्यात दिवा लाल आहे आणि गाडी रेषेच्या अलीकडे आहे. दुसऱ्यात दिवा लालच आहे आणि गाडी चौकाच्या मध्यावर आहे. दोन्हींवर छापलेल्या वेळांत दोन सेकंदांचे अंतर आहे.

आता लपवण्यात अर्थ नाही. संध्याकाळी गाडी मी चालवत नव्हतो, तिथे शिकायला असलेला माझा भाचा चालवत होता. दिवा पिवळा होता आणि ब्रेक मारला असता तर मागची गाडी येऊन धडकली असती, असे तो फोनवर सांगतो.

सी-१०१, आप्पा, सकाळी ११.१५
आता बोलता येईल. नाना, तुमची दोन चलाने दोन वेगळी प्रकरणे आहेत आणि त्यांना एका माळेत ओवल्यामुळेच तुमचा सगळा गोंधळ झाला आहे.

लाल सिग्नल ओलांडणे म्हणजे दिवा लाल झाल्यानंतर स्टॉप लाइन, म्हणजे चौकाआधीची थांबण्याची पांढरी रेषा, ओलांडणे. गाडी रेषेच्या पुढे उभी आहे आणि दिवा लाल आहे, एवढ्यावरून तिने रेषा केव्हा ओलांडली हे कळत नाही. ते दाखवायला किमान दोन फोटो किंवा चित्रफीत लागते. एकात दिवा लाल आणि गाडी रेषेच्या अलीकडे, दुसऱ्यात दिवा लाल आणि गाडी पलीकडे. तुमच्या पहिल्या चलानात यातला अर्धा भाग नाहीच. दुसऱ्यात तो पुरेपूर आहे.

कायद्याचे म्हणाल, तर कॅमेऱ्याने केलेल्या चलानांसाठी ११ ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेने केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७ए हा नियम घातला गेला. गुन्हा आणि नंबर प्लेट स्पष्ट दाखवणारा फोटो, तारीख, वेळ, ठिकाण, कोणत्या कलमाचा भंग झाला त्याचा उल्लेख आणि इलेक्ट्रॉनिक नोंदीचे प्रमाणपत्र, एवढ्या गोष्टी त्यात मागितल्या आहेत. हे प्रमाणपत्र पूर्वी १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खाली दिले जाई. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ लागू आहे. यंत्राला मान्यतेचा दाखला असावा आणि तो दरवर्षी नव्याने घ्यावा, कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी सूचनाफलक असावा, हेही त्याच नियमात आहे. नोटीस १५ दिवसांत पाठवण्याची अटही त्यात आहे, परंतु तुम्हाला ती आठव्या दिवशीच मिळाली, तेव्हा तो मुद्दा तुम्हाला उपयोगाचा नाही आणि तो उगाच घालू नका. (ज्या शहरांतील चौकांसाठी हा नियम आहे, त्या १३२ शहरांच्या यादीत आपले जळगावही आहे, त्यामुळे हे प्रकरण परगावचे म्हणून कोणी सोडून देऊ नये.)

चलानावर कलम कोणते छापले आहे, तेही पाहा. मोटार वाहन कायद्याचे ११९ आणि १७७ असेल, तर पहिल्या वेळी ५०० पर्यंत आणि त्यानंतर १५०० पर्यंत दंड, एवढेच प्रकरण आहे. कलम १८४ असेल, तर मात्र हलक्यात घेऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीने लाल सिग्नल ओलांडणे धोकादायक वाहन चालवण्याच्या स्पष्टीकरणात नावानिशी घातले आहे आणि तिथे १००० ते ५००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

बी-२०३, नाना, सकाळी ११.२२
दोन्हींवर ११९ आणि १७७ आहे. जीव भांड्यात पडला.

बी-३०१, सकाळी ११.५०
मी वाहतूक विभागात नाही, परंतु अभियंता असल्याने भाच्याच्या पिवळ्या दिव्याचा हिशेब केल्याशिवाय मला राहवले नाही. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण ११ मीटर. पिवळा दिवा ३ सेकंद असतो असे धरू. लाल लागला तेव्हाही गाडी रेषेच्या अलीकडे होती, म्हणजे पिवळा लागला त्या क्षणी ती किमान ३३ मीटर दूर असली पाहिजे. आता थांबायला किती अंतर लागते? पाय ब्रेकवर जाईपर्यंत एका सेकंदात ११ मीटर आणि पुढे बेताने ब्रेक लावला तरी सुमारे १८ मीटर, असे एकूण २९. म्हणजे भाचेबुवांना आरामात थांबता आले असते. वेग ४० पेक्षा जास्त होता असे ते म्हणणार असतील, तर तो मुद्दा त्यांनी न मांडलेलाच बरा.

ए-४०४, ताई, दुपारी १२.०२
म्हणजे दुसरे भरायचेच आहे. मग पहिल्या ५०० साठी एवढा खटाटोप कशाला, हा माझा प्रश्न अजून कायम आहे.

सी-१०१, आप्पा, दुपारी १२.३०
ताई, प्रश्न रास्त आहे. दंड भरणे म्हणजे कलम २०० खाली तडजोड स्वीकारणे. त्यानंतर तो विषय संपतो आणि मग कितीही फोटो दाखवले तरी कोणी ऐकत नाही. शिवाय दुसऱ्या चलानाची रक्कम १५०० का आहे, ते पाहा. त्याच गाडीने त्याच दिवशी 'दुसऱ्यांदा' गुन्हा केला, असे यंत्राने धरले आहे. नानांनी सकाळचा गुन्हा निमूट कबूल केला, की संध्याकाळचा गुन्हा दुसरा ठरतो. सकाळचा गुन्हा झालाच नसेल, तर संध्याकाळचाच पहिला. त्यातही सकाळी चालक मामा होता आणि संध्याकाळी भाचा. गाडी एक असली तरी माणसे दोन आहेत, आणि चालक कोण होता हे पोलिसांनी विचारल्यावर कळवण्याचे बंधन कलम १३३ ने मालकावर घातलेले आहे.

आता करायचे काय? न्यायालय ही शेवटची पायरी आहे, पहिली नाही. संकेतस्थळावर आणि महाट्रॅफिक ॲपमध्ये तक्रारीची सोय आहे, तिथे आधी लिहावे. तिथे दाद लागली नाही आणि प्रकरण आभासी (ऑनलाइन) न्यायालयाकडे गेले, तर तिथेही दंड भरण्याचा किंवा आरोप अमान्य करण्याचा पर्याय असतो. अमान्य केला, तर मात्र ते गुन्हा जिथे घडला तिथल्या नियमित न्यायालयात जाते आणि तेव्हा ताईंचा डिझेलचा हिशेब लागू होतो.

तक्रारीची भाषा सांभाळा. 'माझी काहीच चूक नव्हती' असे लिहू नका, कारण पुढे जागा नसताना चौकात शिरणे हे काही शहाणपणाचे नव्हते. तुमच्यावर जो आरोप छापला आहे, तेवढ्याचेच उत्तर द्या. साधारण असे लिहा:

'सदर चलानासोबत एकच छायाचित्र जोडलेले आहे. त्यात वाहन स्टॉप लाइनच्या पुढे, एसटी बसच्या मागे थांबलेले दिसते. दिवा लाल झाल्यानंतर वाहनाने स्टॉप लाइन ओलांडली, असे या छायाचित्रावरून दिसत नाही. वाहनाने हिरव्या दिव्यावर रेषा ओलांडली होती व पुढील वाहतूक थांबल्याने ते चौकात अडकले. तरी त्या वेळेची आधीची छायाचित्रे अथवा चित्रफीत तपासावी व आरोप सिद्ध होत नसल्यास चलान रद्द करावे, ही विनंती.'

एवढे पुरे. मुलीचा प्रवेश, तीस वर्षांचा अनुभव आणि परगावच्या गाड्यांनाच पकडतात हा राग, यांतले काहीही लिहू नका.

बी-२०३, नाना, दुपारी १२.४४
शेवटचे वाक्य मी खरोखरच लिहून ठेवले होते, ते खोडले. आप्पा, तुमचा मसुदा जसाच्या तसा पाठवतो आणि दोन्ही चलानांच्या फोटोंचे स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवतो.

(तीन आठवड्यांनंतर, शनिवार.)

बी-२०३, नाना, संध्याकाळी ६.१८
ग्रुपला कळवणे माझे कर्तव्य आहे. तक्रार केल्याच्या एकोणिसाव्या दिवशी पहिल्या चलानासमोर 'रद्द' असे दिसू लागले. कारण लिहिलेले नाही आणि फोनही आला नाही.

दुसऱ्या चलानाची रक्कम मात्र अजून १५०० च दिसते. पहिले रद्द झाल्याचा उल्लेख करून आणि चालकाचे नाव देऊन त्याबाबत वेगळी तक्रार केली आहे. भाच्याचे नाव द्यायला माझा हात धजत नव्हता, कारण भाच्याला मान द्यायची आपल्याकडची रीत आणि त्यात बहिणीचे काय होईल ही धास्ती. शेवटी मी बी-३०१ यांचा ३३ मीटरचा हिशेब त्याला पाठवला. तो दोन तास गप्प होता, मग त्याचे एका ओळीचे उत्तर आले: 'मामा, माझेच नाव द्या आणि दंड मीच भरतो, फक्त आईला सांगू नका.' रक्कम ५०० होवो वा १५०० च राहो, ते चलान भरायचे आहे. त्यावर लढणार नाही.

सी-१०१, आप्पा, संध्याकाळी ६.३१
रक्कम दुरुस्त होईपर्यंत भरू नका, पण विसरूही नका. दर आठवड्याला एकदा उघडून पाहा आणि भरल्यावर पावती कागदावर छापून आरसीबरोबर ठेवा.

ए-४०४, ताई, संध्याकाळी ६.५२
नाना, अभिनंदन. माझ्या स्कूटीवर दीड वर्षापासून एक चलान पडून आहे. ते भरायचे राहिले आहे आणि त्याला फोटो असतो हे मला आत्ता कळले. तो कुठे दिसतो, ते दाखवाल का? आरसी घेऊन साडेसातला खाली येते.