प्रति: बटण दाबलं की चित्र तयार, मग कलाकार कोण?

धागाकर्त्यांच्या कॉम्प्युटरवरच्या चित्रांबद्दल वर दोघांनी लिहिलंय की कॉम्प्युटरचं चित्र म्हणजे बटण दाबणं, त्यात कर्तेपण कसलं. हा वाद साठेक वर्षं जुना आहे. बेल लॅब्ज या संशोधन संस्थेतले मायकेल नोल स्वतःच्या कॉम्प्युटर-चित्राचा कॉपीराइट मागायला गेले तेव्हा यंत्राचं काम म्हणून अमेरिकेत आधी नकारच मिळाला. प्रोग्राम माणसानेच लिहिलाय, हे पटवून दिल्यावर कुठे नोंद झाली. याच नोलनी डच चित्रकार मोंद्रियानच्या १९१७ मधल्या रेघांच्या चित्राशेजारी तशाच घाटाचं कॉम्प्युटरचं चित्र ठेवून बेल लॅब्जमधल्याच १०० जणांना विचारलं. कॉम्प्युटरचं कोणतं, हे फक्त २८ जणांनी ओळखलं आणि ५९ जणांना तेच जास्त आवडलं! यावरून यंत्र थोर ठरत नाही. त्या रेघांचा विचार मुळात मोंद्रियानचा. नोलनी उचलला म्हणा हवं तर, पण चित्र काढायचे नियम, म्हणजे प्रोग्राम, स्वतः लिहिले.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीनंतर संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करवणारी व्यक्ती. आता 'करवणारी' कोण? गणेश मंडळाचा कार्यकर्ता पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या डिझायनरला "बाप्पा जरा मॉडर्न करा" सांगून चहाला गेला, तर चित्रकार कार्यकर्ता होत नाही. एआयला नुसता प्रॉम्प्ट, म्हणजे लेखी सूचना, टाकणारा मला त्याच रांगेतला वाटतो. पन्नास चित्रं नाकारून एकावर हात चालवणारा वेगळा.

बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात अशी चित्रं लावायला माझी हरकत नाही, फक्त खाली कोणतं साधन वापरलं ते लिहा. धागाकर्ते, तुमच्या चित्रांचा कोड तुमचा आहे का?