पोपनी आता राजीनामा द्यावा का?

मिसळपाव_पुणे: काल, म्हणजे ६ मार्च २०२५ ला रात्री, व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चौकात पोप फ्रान्सिसचा ऑडिओ लावला, ऐकला का कोणी? अर्धं मिनिटही नाही, स्पॅनिशमध्ये, दोन शब्द झाले की धाप. वय ८८, दोन्ही फुफ्फुसांत न्यूमोनिया, १४ फेब्रुवारीपासून रोमच्या जेमेली हॉस्पिटलात. मला तर ऐकवेना. अहो, बिशपला ७५ ला राजीनामा पाठवावा लागतो, ८० उलटलेल्या कार्डिनलला, म्हणजे पोपखालच्या वरिष्ठ धर्मगुरूला, नवा पोप निवडताना मत नाही, आपल्या मुंबईच्या कार्डिनल ग्रेशियसांचं मत डिसेंबरातच गेलं, आणि सगळ्यात वर बसलेल्याला मात्र वयाची अटच नाही, हा कुठला न्याय? आधीचे पोप बेनेडिक्ट २०१३ ला स्वतःहून उतरलेच ना.

वसईची_लेक: माझ्या आईने तोच ऑडिओ चार वेळा ऐकला, मोबाईल कानाला लावून, स्पॅनिशचं एक अक्षर कळत नाही तिला. "दमलाय गं म्हातारा" म्हणाली आणि रोजरी, म्हणजे जपमाळ, घेऊन बसली. चौकात रोज रात्री प्रार्थना करणाऱ्यांचे आभार मानले हो त्यांनी, बाकी काही नाही. तुम्हाला ऐकवत नाही म्हणून त्यांनी गप्प बसायचं?

शंकासुर: भावना ठीकेत, पण उद्या शुद्धच हरपली तर? चर्चच्या कायद्यात त्याची धड सोयच नाही. आजारपणात काम अशक्य झालं तर म्हणून फ्रान्सिसनी सुरुवातीलाच राजीनाम्याचं पत्र सही करून ठेवलंय, २०२२ मध्ये स्वतःच सांगितलं. पण राजीनामा स्वखुशीने हवा, मग बेशुद्ध माणसाची खुशी ठरवणार कोण? खरी गोची इथेय.

गिरगाव_चाळ: २००५ आठवतंय. ३० मार्चला तेव्हाचे पोप जॉन पॉल खिडकीत आले, समोर माईक धरला, तोंड उघडलं पण आवाजच फुटेना, तीन दिवसांत गेले. आमच्या बाबांनाही तेव्हा पार्किन्सन्स, पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसायचे, कपबशी वाजते म्हणून. ते टीव्हीवर बघितल्यावर बाहेर बसायला लागले, कपबशीसकट. आम्ही ख्रिश्चन नाही हां.

मिसळपाव_पुणे: बाबांना नमस्कार, पण जगभरातल्या १४० कोटी कॅथलिकांचा कारभार त्यांच्या सहीवाचून अडत नव्हता ना दादा.

वसईची_लेक: इथे तरी कुठे अडलाय? गेल्या महिन्यात व्हॅटिकनचा कारभार बघणारे कार्डिनल पारोलिन हॉस्पिटलातच भेटून आले, नवीन संतांच्या फायली मंजूर झाल्या. आणि ते ऑक्सिजनच्या मास्कमधले फोटो फिरतायत ना, ते खोटे आहेत, एआयने बनवलेले, आमच्या पॅरिशच्या ग्रुपवर एका काकांनी टाकला तर अर्ध्या तासात फादरांना पंधरा फोन, पोप गेले समजून त्यांच्यासाठी मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) कधी लावताय म्हणून. आधी ते डिलीट करा, राजीनाम्याचं नंतर बघू.