कर्सरच्या हॉटस्पॉटला मराठीत काय म्हणायचं?

रेघोट्या:
चित्रं काढायच्या एका अ‍ॅपची मदतपानं मराठीत करतेय. अ‍ॅप विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं आणि त्यात आपला स्वतःचा कर्सर बनवून टाकता येतो. आता चित्र केवढंही असलं तरी त्यातला एकच पिक्सेल खरा, क्लिक तिथेच लागते, त्याला हॉटस्पॉट म्हणतात. तोच शब्द ठेवला तर मजकूर तपासणाऱ्या ताई म्हणाल्या, मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करायचा का? मग 'टोक' केलं. बाणाला चालतं, पण अधिकच्या चिन्हाला टोकं चार आणि क्लिक मधोमध. काय लिहू?

सुतारपक्षी:
अणी लिहा. भाल्याची अणी असते तशी. अणकुचीदार मधे तीच बसलीये. आमची आजी दाभणाची अणी म्हणायची, इतका चांगला शब्द मरू का द्यायचा?

चौकटराजा:
अहो पण अणी म्हणजे टोकच की, अधिकच्या चिन्हाची अडचण तिथेच राहिली. कॅरममधे आपण नेम धरतो तसा नेमबिंदू म्हणा. आणि शब्द काहीही घ्या, तो पिक्सेल चित्रात कुठे आहे याचे आकडे स्वतः द्यायचे असतात हे मदतपानात ठळक लिहा. विंडोजच्या कर्सर फाइलमधे ते फाइलच्या आतच असतात, पण साधं पीएनजी चित्र घेतलं आणि आकडे दिलेच नाहीत तर सीएसएस (वेबपानांचं रूप ठरवणारी भाषा) वरचा डावा कोपरा धरतं, क्यूटी (अ‍ॅप बनवायचं साधन) मधोमध धरतं, म्हणजे चित्र तेच आणि क्लिक दोन ठिकाणी.

सुतारपक्षी:
नेम माणूस धरतो, चित्र नाही. आणि नेम चुकू शकतो. हा पिक्सेल चुकत नाही, जिथे ठेवलाय तिथेच क्लिक लागते.

चौकटराजा:
चुकीच्या जागी ठेवला की वापरणाऱ्याचा नेमच चुकतो ना, म्हणून तर नेमबिंदू!

देवनागरीप्रेमी:
मुळात कर्सर तरी कशाला? दर्शक म्हणा, दर्शकबिंदू आपोआप मिळतो. प्रत्येक वेळी इंग्रजी शब्द आधी आणि मराठी मागून, असं किती दिवस?

रेघोट्या:
दर्शक म्हणजे लोकांना टीव्हीसमोर बसलेला माणूस आठवतो हो.

सरकपट्टी:
कर्सर हा शब्द कॉम्प्युटरच्या आधीचा आहे. स्लाइड रूलवर, म्हणजे आकडेमोडीच्या सरकत्या पट्टीवर, जी बारीक रेघेची पारदर्शक काच सरकायची तिला आम्ही कर्सरच म्हणायचो, मूळ लॅटिनमधे धावणारा. लिहिताना लुकलुकते ती रेघ कर्सर, माऊसचा तो पॉइंटर. १९६८ मधे माऊसचा जनक डग्लस एंगेलबार्टने सॅन फ्रान्सिस्कोत माऊस दाखवला तेव्हा पडद्यावरच्या खुणेला ते लोक बग म्हणायचे, म्हणजे तिथेही नाव एका दिवसात ठरलेलं नाही.

पाऊसवेडी:
आमच्या आईला फोनवर सांगताना मी बाण म्हणते, त्याचा हात झाला, गोल फिरणारं चक्र झालं तरी तिच्यासाठी बाणच. मला हेच खरं मराठी वाटतं.

देवनागरीप्रेमी:
बोलायला ठीक आहे, छापायला नाही.

पाऊसवेडी:
का नाही? जे घराघरात बोललं जातं ते छापायला कमी कसं पडतं ते सांगा.

सरकपट्टी:
बाणावरून आठवलं, तो आधी सरळ वर बघायचा. झेरॉक्सच्या आल्टो या जुन्या कॉम्प्युटरवर कर्सरला जागा १६ बाय १६ पिक्सेलची, तेवढ्यात सरळ बाण नीट दिसेना म्हणून तिरका केला.

रेघोट्या:
हे छानच आहे, पण मला पान पुढे पाठवायचंय. अणी की नेमबिंदू?

देवनागरीप्रेमी:
आधी पिक्सेलचं काय ते ठरवू. चित्रकण का नको?