फ्रान्समधल्या कूसी किल्ल्याचा बुरुज जर्मनांनी का उडवला?

पर्वतीकर:
मंडळी, धाकटा भाऊ सध्या पॅरिसला आहे, तो कूसी नावाच्या छोट्या गावातला किल्ला बघायला जाणारे. मी जुने फोटो बघितले तर मधे एवढा अजस्र गोल बुरुज, आणि आताच्या फोटोत तिथे नुसता दगडांचा ढीग. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये जर्मन सैन्याने सुरुंग लावला म्हणतात. पण तोफा-विमानांच्या काळात तेराव्या शतकातला बुरुज कुणाला काय नडत होता?

गडवेडी_सिंहगडरोड:
दादा, आधी तो बुरुज काय होता ते ऐका. आंगेराँ तिसरा नावाच्या सरदाराने १२२० नंतर बांधायला घेतला, उंची जवळपास ५४ मीटर, व्यास ३१ च्या आसपास आणि तळाशी भिंत ७ मीटरहून जाड! राजाच्या किल्ल्यांनाही मागे टाकेल असा, कारण हे घराणंच तसलं, आम्ही राजा नाही, राजपुत्र नाही, आम्ही कूसीचे धनी, असं त्यांचं ब्रीद. १६५२ मध्ये राजाचा मुख्यमंत्री मझारँ याच्या हुकमाने किल्ला निकामी केला तरी बुरुज टिकला, १६९२ च्या भूकंपात वरपासून खालपर्यंत तडा गेला तरी उभाच. एकोणिसाव्या शतकात व्हियोले-ल-द्यूक या फ्रेंच वास्तुविशारदाने लोखंडी पट्टे आवळून तो सावरला.

जुनी_पेठ:
१९१७ च्या मार्चमध्ये जर्मन हिंडेनबर्ग लाइनवर, म्हणजे मागे बांधलेल्या त्यांच्या नव्या संरक्षण फळीवर, मागे सरकत होते, जाताना गावं, पूल, विहिरी, फळझाडं सगळं नासवत गेले, शत्रूच्या हाती काही लागू नये म्हणून. बवेरियाचा युवराज आणि जर्मन सेनापती रुप्रेख्त याने कूसी वाचवायला सांगितलं होतं, वरच्यांनी ऐकलं नाही. एकट्या त्या बुरुजाला २८ टन स्फोटकं लावली. आपल्याकडे १८१८ नंतर इंग्रजांनी अलंग-मदनच्या पायऱ्या उडवल्या तेव्हा निदान गड परत लढवला जाईल ही भीती खरी होती, इथे तसलंही काही नव्हतं, म्हणून मला तरी हे निव्वळ सूडाचं काम वाटतं.

पर्वतीकर:
बापरे. मग फ्रेंचांनी परत का नाही बांधला?

गडवेडी_सिंहगडरोड:
युद्धातल्या विध्वंसाची साक्ष म्हणून मुद्दाम तसाच ठेवला. मला हे पटतं, नवीन दगड रचून तेरावं शतक परत येत नाही.

जुनी_पेठ:
ताई, मी सहमत नाही, निदान दरवाजे-तटबंदी तरी सावरायलाच हवी आणि तिथे ती सावरलीये पण. पर्वतीकर, भावाला सांगा जवळच पियेरफाँ पण करून ये, तो पडका किल्ला त्याच व्हियोले-ल-द्यूकने तिसऱ्या नेपोलियनसाठी जवळजवळ नव्याने उभा केलाय, दोन्ही एका दिवसात बघितले तर कुणाचं पटतं ते त्याचं तोच ठरवेल. आणि कूसीला गावाची जुनी तटबंदी आणि लाँ दरवाजा चुकवू नको म्हणावं.